रकाना क्रमांक अकरा

दूध बाजारामागच्या बोळात पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस,
खाली सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, वर आम्ही.
पाटीवर लिहिलंय : अल्पसंख्याक उद्योजक सहाय्य केंद्र.
'साहाय्य'चा एक काना पेंटरने खाल्ला.
तो परत बसवायचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात दाखवायचा
हे ठरेपर्यंत पहिला हप्ता संपला.
दुसरा मार्चमध्ये येणार होता.
आता नोव्हेंबर. द्राक्षाच्या खोक्यांच्या ऑर्डरी निघायचे दिवस.

माझं काम प्रकल्प अहवाल लिहिण्याचं.
माणूस समोर बसतो, आयुष्य सांगत सुटतो,
मी त्यातून खेळतं भांडवल काढते.

बिल्किस पिंजारी म्हणाली होती,
नवरा गेला, पण कापूस पिंजताना
त्याचा खोकला अजून ऐकू येतो.
मी लिहिलं : कच्चा माल, स्थानिक, बारमाही उपलब्ध.

कथड्याच्या मुनीरला, जो लोखंडी कपाटं करतो,
बँकेने तीनदा परत पाठवलं.
चौथ्यांदा मी सोबत गेले.
बोलले काहीच नाही,
नुसती फाइल मांडीवर घेऊन बसले.
मॅनेजरने आमच्याकडचा पंखा लावला.
एवढंच झालं.
कर्ज त्या पंख्याखाली मंजूर झालं.

शरणपूरचे उजागरे नाताळापुरते केक करायचे.
म्हणतात, मार्थाबाई, तुम्ही अर्जातला 'हंगामी' शब्द खोडलात
त्या दिवशी मी बेकरीवाला झालो.
(शब्द मी खोडला होता कारण तो चौकटीत मावत नव्हता.
त्यांना सांगितलेलं नाही.)

पुढच्या निधीचा आमचा प्रस्ताव परत आलाय.
शेरा : रकाना अकरा रिक्त.
केंद्रामुळे वाढलेले उत्पन्न, रुपये, लाखांत.
लाभार्थी कोण ते स्पष्ट नमूद करावे.

लाभार्थी.
बिल्किसने बावीस हप्ते फेडले, एकही न चुकवता,
रमजानातही तारखेच्या आदल्या दिवशी रांगेत.
व्याज बँकेने मोजून घेतलं.
मी रकान्यात पेन्सिलीने बँकेचं नाव लिहिलं,
वाचलं,
खोडलं.

आठ महिने पगार नाही. घरी सांगितलंय, पाच.
वीज गेल्या आठवड्यात तोडली.
टायपिंग सारडा सर्कलच्या झेरॉक्सवाल्याकडे होतं,
पानाला वीस रुपये, ओळखीत पंधरा.

काल बिल्किस जिना चढून आली.
होस्टेलच्या चाळीस गाद्यांचे पैसे सुटलेत, म्हणाली,
इथलं भाडं थोडं मी बघू का?
म्हटलं, सरकारी काम आहे, असं घेता येत नाही.
देणगी?
तसा रकाना नाही.
उसने?
नाही.
मग उठा, म्हणाली, इकडे या खुर्चीत बसा.
आणि ती माझ्या खुर्चीत बसली.
नाव?
मार्था.
पूर्ण.
मार्था सॅम्युएल वडागळे.
धंदा?
अर्ज लिहिते. दुसऱ्यांचे.
खेळतं भांडवल?
मी हसले. ती हसली नाही.
तिला लिहिता येते फक्त सही.
कागदाच्या तळाशी, जिथे जामीनदार बसतो,
तिथे तिने ती केली, जोर देऊन,
मागच्या पानावर उठेल अशी.
वरचं सगळं कोरं सोडलं.
म्हणाली, बाकीचं तुम्हाला येतंच.

तो कागद प्रस्तावाला जोडावा की नाही, कळत नाही.
जोडपत्रांच्या यादीत असं काही नाही.
रकाना अकरा अजून तसाच आहे.

खाली धारवाल्याने चाक फिरवायला घेतलंय.
जिन्यात एक पोरगा, हातात चपलांचे दोन नमुने,
विचारतोय, केंद्र चालू आहे का?
ये, म्हटलं.
खिडकीजवळ बस, पाचपर्यंत दिसतं तिथे.
आधार कार्डाची झेरॉक्स आणलीस का?